दुखणं टिचकीबाईंचं, औषध भट्टीला

टिचकीबाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथंच राहिलं. तेवीस वर्षांत कारखान्यात त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी त्यांनी ओ दिली असती की नाही, शंकाच आहे.

काम काय, तर टिचकी मारायची. कारखाना चिनीमातीच्या कपांचा. भट्टीतून निघालेले कप लांब फळ्यांवर मांडून निवडखोलीत यायचे. तिथं टेबलाशी उभ्या राहून टिचकीबाई एकेक कप बुडाशी तीन बोटांनी धरायच्या, कानाशी न्यायच्या आणि मधल्या बोटाच्या नखानं काठावर टिचकी द्यायच्या. टिण्ण असा लांब नाद निघाला की कप चांगला. ठक् वाजलं की आत तडा. डोळ्यांना न दिसणारा, भिंग लावलं तरी न सापडणारा, पण गरम चहा पडला की मनातलं सगळं बोलून टाकणारा. दिवसाला अडीच हजार कप त्यांच्या कानाखालून जायचे आणि त्यातले पंचवीसएक बाद व्हायचे.

ते बोट म्हणजे घरचं देवघर. त्याला घरात कुणी काम सांगायचं नाही. बरणीचं झाकण नवऱ्यानं उघडायचं, गाठ नवऱ्यानं सोडायची. टिचकीची सवय मात्र हाडात मुरलेली. कलिंगड, दार, शेजारणीचं नवं कपाट, काही म्हणून सुटायचं नाही. "हे आतून पोखरलंय हो," असं त्यांनी कपाटाला टिचकी देऊन सांगितलं तेव्हा शेजारीण आठ दिवस बोलली नाही, आणि नवव्या दिवशी कपाटाची फळी भुशासकट खाली आली तेव्हा आणखी आठ दिवस बोलली नाही. लग्नानंतर एकदा त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावरही टिचकी मारून पाहिली होती. काय आवाज आला, ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही.

त्यांना शोधून काढलं ते सासऱ्यांनी. सासरे भट्टीवाले. चाळीस वर्षं एकाच भट्टीला जाळ घातलेला माणूस. टिचकीबाई एकोणिसाव्या वर्षी पॅकिंगला लागल्या, आणि पहिल्याच दिवशी कागदात गुंडाळायला घेतलेला एक कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "हा नको. हा रडतोय." सासऱ्यांनी तो कप पाण्यात बुडवला. आतून बारीकशी बुडबुड्यांची रेघ निघाली. त्या दिवसापासून पोरीला टेबल मिळालं आणि वर्षभरानं सासरही. सासरे सगळ्यांना सांगायचे, "लोक सून आणतात. मी कान आणला. पोरगा काय, त्याच्याबरोबर फुकट आला."

पोरगा म्हणजे टिचकीबाईंचा नवरा. पॅकिंगमध्येच होता, पेंढ्यात कप बसवायचा. स्वभावानं स्वतःही पेंढ्यासारखाच, कुठंही दाबा, आवाज नाही.

आता कारखान्याची एक रीत होती, आणि पुढचा सगळा घोळ तिच्या पोटातून जन्मला, म्हणून ती आधी सांगितलेली बरी. थोरल्या मालकांनी कारखाना काढला तेव्हा दंडक घातला होता: ज्या कपावर शंका, तो त्याच क्षणी फुटला पाहिजे. टेबलाशेजारी लोखंडी पिंप. ठक् वाजलं की कप पिंपात. फाट्टदिशी. बाद माल चोरवाटेनं बाजारात जाऊन आपलं नाव जायला नको, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. पण त्यामुळं झालं असं, की टिचकीबाईंनी कप फोडला तो बरोबर की चूक, हे तेवीस वर्षांत कुणालाच तपासता आलं नव्हतं. फाशी आधी, अपील नंतर. आणि नंतर अपील करणार कोण, तुकडे?

थोरले मालक गेले, नातू आला. त्याला सगळे धाकटे मालक म्हणायचे. पोरगा भला, पण शिकून आलेला, आणि शिकताना त्याला आलेख काढायचा नाद लागलेला. कामाला कोण किती मिनिटं उशिरा येतं, चहाला किती दूध लागतं, मुकादम दिवसाला किती वेळा "काय चाललंय काय" म्हणतो, सगळ्याचे आलेख. असाच एक दिवस त्यानं पिंपातल्या फुटीचा आलेख काढला. सहा महिन्यांचा. आणि कागद भिंतीवर लावून तो मागं सरकला तर काय, उंटांचा तांडाच. सपाट, सपाट, सपाट आणि एकदम मदार. पुन्हा सपाट आणि पुन्हा मदार. दर अठ्ठावीस दिवसांनी, कधी सत्तावीस, कधी एकोणतीस. त्या चार-पाच दिवसांत पंचवीसच्या जागी ऐंशी-नव्वद कप पिंपात.

"भट्टीला काहीतरी होतंय," धाकटे मालक म्हणाले.

मुकादम म्हणाला, "काय होतंय?"

"दर महिन्याला होतंय."

मुकादमाला तीन मुली आणि एक बायको. पण त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. कारखान्यात एकशे दहा माणसं, त्यात चौसष्ट बाया, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलेख भट्टीचा म्हणून भिंतीवर लागला, म्हणून तो भट्टीचाच. लेबल लावलं की बरणीत काय आहे ते बघतो कोण.

बाहेरून तज्ज्ञ आले. गळ्यात दोरीला अडकवलेला थर्मामीटर, हातात नळी. त्यांनी भट्टीला नळी लावून ऐकलं. विटांवरून हात फिरवला. धुराड्यात आरसा धरून बघितलं. सासरे बाजूला उभे, घरच्या माणसाला ऑपरेशनला नेताना उभं राहतात तसे.

"हिचं वय काय?" तज्ज्ञांनी विचारलं.

"चाळीस," सासरे म्हणाले.

"आधी कधी असं झालं होतं?"

"नाही हो. गुणाची आहे. कधी खोकलीसुद्धा नाही."

तज्ज्ञांनी निदान दिलं, आवर्ती उष्णताक्षोभ. कुणाला अर्थ कळला नाही म्हणून सगळ्यांना पटलं. औषध असं, की महिन्यातून त्या चार दिवसांत भट्टीला पूर्ण विश्रांती. अंगाभोवती उबदार लोकरी आच्छादन. आणि आसपास गोंगाट नको. मुकादमानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली, 'भट्टीला त्रास होतो. हळू बोला.' पुढल्या खेपेला भट्टी चार दिवस घोंगडं पांघरून निवांत पडली, येणारे-जाणारे चवड्यांवर चालले, आणि त्याच चार दिवसांत निवडखोलीत टिचकीबाई दुखऱ्या कंबरेनं, फुगलेल्या पोटानं आठ-आठ तास उभ्या राहून आधीच्या आठवड्यातले शिलकी कप वाजवत होत्या. ठक्, फाट्ट. ठक्, फाट्ट. एक्क्याण्णव.

तज्ज्ञांनी आकडा बघून मान हलवली. "म्हणजे चांगल्या दिवसांत भाजलेल्या कपांतही रोग आधीच उतरलेला आहे. भट्टी आतून खलास झालीय."

धाकट्या मालकांनी निर्णय सांगितला. पुढल्या महिन्याच्या पंचवीस तारखेला ठेकेदार येईल, जुनी भट्टी पाडेल, त्या जागी विजेची नवी येईल. तिला बटणं असतात. सासऱ्यांनी सन्मानानं घरी बसावं.

सासरे घरी आले आणि खुर्चीत बसले. जेवण समोर आलं. नको म्हणाले. बोलले एवढंच, "तिला काही झालेलं नाही. जाळाचा रंग मला कळतो. पण मी म्हातारा सांगणार कुणाला? आलेखापुढं माणसाचं काय चालतं." मग पंचवीस तारखेपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे हात गार होते.

इकडं टिचकीबाईंचं स्वतःचं एक प्रकरण चालू होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं ते लाखमोलाचं बोट ठणकायला लागलं, म्हणून त्या कारखान्याच्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं दर बुधवारी डॉक्टरबाई यायच्या. बारीक चणीच्या, आणि समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायची त्यांना वाईट सवय होती.

"बोट कधी दुखतं?"

"ठक् वाजलं, की पुन्हापुन्हा टिचकी मारून बघते ना, तेव्हा. काही दिवस एकेका कपाला पाच-पाच टिचक्या होतात."

"कुठले दिवस?"

"असतात असेच. त्या दिवसांत सगळंच खुपतं हो. नवरा जेवताना चावतो, तो आवाज सहन होत नाही."

"मोठ्यानं चावतो?"

"नाही. दात आहेत, एवढाच त्याचा गुन्हा." टिचकीबाईंनी बोट चोळलं. "गेल्या वेळी टॉवेलची घडी वाकडी होती म्हणून रडले. टॉवेल माझाच, घडी मीच घातलेली."

डॉक्टरबाईंनी हसू गालात ठेवलं आणि सांगितलं, की दोन महिने रोज एका कागदावर नोंद करा. वैतागलं, रडू आलं, झोप उडाली, अंग जड वाटलं, की त्या तारखेला ठिपका. पाळी आली की फुली. बास.

टिचकीबाईंनी पॅकिंगच्या जुन्या चिठ्ठीमागं ठिपके मांडले. आणि भट्टी पाडायचं जाहीर झालं त्याच आठवड्यातल्या बुधवारी त्या कागद घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी कागद बघितला आणि फुलीच्या आधीच्या ठिपक्यांच्या झुबक्यावर बोट ठेवलं.

"बघा. फुलीच्या आधी पाच दिवस गर्दी, फुलीनंतर दोन दिवसांत मैदान साफ. दोन्ही महिने तसंच."

"म्हणजे रक्तात काही वाढलंय का? तपासून घ्या की."

"रक्तात काही सापडणार नाही. तुमची हार्मोन्स इतर बायकांपेक्षा जास्तही नाहीत आणि कमीही नाहीत."

"मग?"

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा स्वतःचा कप उचलला. "तुमच्या भाषेत सांगते. महिन्याच्या मध्यावर बीज सुटतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन चढतं, आणि पाळीच्या आधी ते आणि इस्ट्रोजेन, दोन्ही घसरतात. भट्टी तापते आणि निवते तसं. हे सगळ्यांच्यातच होतं. पण एकाच भट्टीत, एकाच जाळावर शंभर कप ठेवले तर सगळेच तडकतात का?"

"नाही. मातीवर असतं."

"तेच. जाळ तोच, माती वेगळी. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक शांतवणारं द्रव्य बनतं. मेंदूला गाबा नावाचा ब्रेक असतो, त्याच्यावर ते बोट ठेवतं. काही जणींच्या मेंदूचा ब्रेक ह्या चढउताराला नीट साथ देत नाही. शांत व्हायच्या जागी उलटा करकरतो. वर सेरोटोनिन म्हणून एक आहे, मन ताळ्यावर ठेवणारं. इस्ट्रोजेन उतरलं की त्याचंही बस्तान हलतं. अजून सगळं उलगडलेलं नाही बरं का. पण तुम्ही ढोंग करत नाही, आणि तुमचा स्वभावही वाईट नाही, एवढं पक्कं."

टिचकीबाई हळूच म्हणाल्या, "पण डॉक्टरबाई, कान तर माझा तोच असतो ना?"

"कान तोच. पण कानानं आणलेली बातमी ऐकून 'जाऊ दे, चालेल' म्हणणारा एक माणूस मेंदूत बसलेला असतो. तो त्या दिवसांत रजेवर जातो." मग त्यांनी झोपेचं, चालण्याचं, आणि फारच झालं तर सेरोटोनिनवर चालणाऱ्या गोळीचं सांगितलं. पण टिचकीबाईंचं लक्ष उडालं होतं.

कारण दवाखान्यातून निवडखोलीत जाताना धाकट्या मालकांची केबिन लागते. दार उघडं होतं. भिंतीवर आलेख. टिचकीबाईंनी हातातली चिठ्ठी वर धरली. ठिपके, उंट. ठिपके, उंट. एकावर एक ठेवले असते तर सुई आरपार गेली असती. त्यांचा हात आपोआप भिंतीवर गेला आणि त्यांनी आलेखाला टिचकी मारली. ठक्.

"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला," त्या स्वतःशी पुटपुटल्या. "आणि ह्यातला रेडा मी."

आता कुणी म्हणेल, मग सरळ जाऊन सांगायचं की. पण सांगायचं कसं? एकतर पुरावा पिंपात तुकडे होऊन पडलेला. दुसरं म्हणजे 'बाईचा कान बिघडला' म्हणून टेबल गेलं तर? आणि तिसरं सगळ्यात अवघड, सासऱ्यांसमोर पाळीचं नाव काढायचं. बावीस वर्षं एका घरात राहून त्यांच्यात पाऊसपाणी, चिनीमाती आणि गॅसचा दाब ह्यापलीकडं बोलणं गेलं नव्हतं.

पुराव्याचं नवऱ्यानं जमवलं. पुढले 'ते' दिवस आले, तेव्हा एक दिवस टिचकीबाईंनी बाद केलेले कप पिंपात टाकलेच नाहीत. ते टेबलाखालून नवऱ्याच्या हातात द्यायच्या आणि तो पेंढ्यात लपवायचा. तेवीस वर्षांत पहिल्यांदा थोरल्या मालकांचा दंडक मोडला. अडचण एवढीच, की मुकादम पलीकडं बसून फुटण्याचे आवाज मोजायचा, आलेखासाठी. म्हणून नवऱ्यानं एक जुना कानतुटका कप घेतला आणि दर खेपेला त्याचेच तुकडे पिंपात टाकून पुन्हा गोळा करायला सुरुवात केली. एकच कप त्या दिवशी त्र्याऐंशी वेळा फुटला. शेवटी शेवटी त्याचा चुरा झाला, आवाज येईना, तेव्हा नवरा तोंडानंच "फाट्ट" म्हणाला.

"काय रे, आवाज वेगळा आला," मुकादम पलीकडून म्हणाला.

"पातळ होता," नवरा म्हणाला. ते त्याच्या आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि ते बोलून तो संध्याकाळपर्यंत घामाघूम होता.

आठ दिवसांनी, फुली होऊन मैदान साफ झाल्यावर, जेवणाच्या सुट्टीत दोघांनी ते त्र्याऐंशी कप काढले. टिचकीबाईंनी एकेक वाजवला. टिण्ण. टिण्ण. ठक्. टिण्ण. अठ्ठावन्न कप खणखणीत निघाले. पंचवीस खरे बाद, रोजच्यासारखेच.

"भट्टी चांगली आहे," नवरा म्हणाला.

"हो."

"बाबांना सांग."

"तुम्ही सांगा. तुमचे वडील आहेत."

"मी? मी काय सांगू? माझ्या बायकोचं... छे, छे. तूच सांग. तुझं आहे."

"माझं आहे, म्हणूनच सांगता येत नाही ना."

अशा ढकलाढकलीत तीन आठवडे गेले. टिचकीबाई रोज सासऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहायच्या, "बाबा," म्हणायच्या, आणि मग "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" असं विचारून परत यायच्या. सासऱ्यांना वाटलं, सुनेला स्वयंपाकाची काळजी लागलीय. ते न जेवता "बरोबर आहे" म्हणायचे. एकदा टिचकीबाईंनी चिठ्ठी लिहून सासऱ्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली. सासऱ्यांनी ती न वाचता घडी घालून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल मात्र स्थिर झालं.

पंचवीस तारीख उजाडली. ती नेमकी 'त्या' दिवसांतली निघाली, ह्यात नवल काही नाही. आलेख बघूनच तर धाकट्या मालकांनी ती धरली होती. त्या दिवसांत भट्टी बंदच असते, पाडायला सोयीची.

ठेकेदार दोन माणसं आणि तीन घण घेऊन आला. भट्टी घोंगडं पांघरून बसलेली. सासरे तिच्या दाराशी, विटांवर हात ठेवून. धाकटे मालक, मुकादम, तज्ज्ञ, सगळे हजर. मुकादमाची पाटी अजून तिथंच. त्यामुळं जो तो कुजबुजत होता.

"बाबा, जरा बाजूला व्हा," धाकटे मालक कुजबुजले.

"होतो. तेवढं घोंगडं काढू द्या. गरम होत असेल तिला," सासरे कुजबुजले.

तिकडं निवडखोलीत टिचकीबाईंच्या डोक्यात त्या दिवशी सकाळपासून घरघर चालली होती. पंखा कुरकुरत होता. नवरा शेजारी उभा राहून श्वास घेत होता.

"श्वास घेऊ नका," त्या म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला.

पलीकडून ठेकेदारानं घण जमिनीवर टेकवल्याचा ठण्ण असा आवाज आला. तो आवाज टिचकीबाईंच्या कानातून आत गेला, आणि आत 'जाऊ दे, चालेल' म्हणणारा माणूस तर कधीचा रजेवर. त्यांनी त्या अठ्ठावन्न कपांची फळी उचलून खांद्यावर घेतली, दुसरं टोक नवऱ्याच्या खांद्यावर दिलं आणि चालायला लागल्या. भट्टीसमोर जाऊन फळी ठेवली.

"घण खाली."

"बाई, हळू. भट्टीला त्रास होतो," मुकादम पाटीकडं बोट करून म्हणाला.

"भट्टीला काही होत नाही. मला होतं." आवाज धुराड्यापर्यंत गेला. "दर महिन्याला होतं. पाळीच्या आधी पाच दिवस माझ्या मेंदूतला ब्रेक करकरतो, कान टवकारतात आणि चांगला कपसुद्धा मला रडताना ऐकू येतो. तो आलेख भट्टीचा नाही मालक, माझा आहे. माझी सहा महिन्यांची पाळी तुम्ही भिंतीवर टांगलीय."

धाकटे मालक आधी लाल झाले, मग पांढरे, झिलई चढणाऱ्या कपासारखे. ठेकेदाराच्या माणसांनी नजर पायांकडं वळवली. तज्ज्ञ थर्मामीटर पुसायला लागले.

टिचकीबाईंनी फळीवरचा पहिला कप उचलला. "हे मी गेल्या महिन्यात बाद केलेले. फोडले नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा वाजवले. हे ऐका." टिण्ण. "आणि हा." टिण्ण. "मालक, तुम्ही मारा टिचकी. मुकादम, तुम्ही मारा. माझ्यावर भरवसा नको."

मुकादमानं मारली. टिण्ण. धाकट्या मालकांनी दोन मारल्या. ठेकेदारानंही एक मारून पाहिली. त्या शांत शेडमध्ये चहूकडून टिण्ण-टिण्ण सुरू झालं.

"पण आलेखात अठ्ठावीस दिवस स्पष्ट दिसतात," तज्ज्ञ म्हणाले.

"तुम्हाला घरी कोणी नाही का हो?" टिचकीबाईंनी विचारलं.

तज्ज्ञांना घरी तिघी होत्या. ते पुन्हा थर्मामीटर पुसायला लागले.

मग टिचकीबाईंच्या लक्षात आलं, की सासरे आपल्याकडं बघताहेत. तशी सगळी वाफ निघून गेली. पदर सावरत त्या म्हणाल्या, "बाबा, मला सांगायला उशीर झाला. चुकलंच माझं."

सासऱ्यांनी भट्टीवरचा हात काढला. मग म्हणाले, "तुझी सासू. महिन्यातून चार दिवस ताटं आपटायची. रडायची. मी तीस वर्षं तिला तापट म्हटलं. शेवटपर्यंत." त्यांनी नाक पुसलं. "जाळाचा रंग कळतो म्हणे मला."

सासरे वळले, भट्टीवरचं ते लोकरी घोंगडं ओढून काढलं, झटकलं, आणि सुनेच्या हातात दिलं. "आम्ही विटांना चार दिवस पांघरूण घातलं, आणि तू तिकडं उभी. घे. आणि मालक, हिला बसायला स्टूल द्या. कप बसूनही वाजतात."

धाकट्या मालकांनी त्याच दिवशी नवा नियम केला. शंकेचा कप लगेच फोडायचा नाही. फळीवर आठ दिवस ठेवायचा आणि पुन्हा टिचकी द्यायची. चार दिवस रजा घ्या, असंही ते म्हणाले, पण टिचकीबाई म्हणाल्या, "लागली तर मागेन. तारखा मी सांगेन, तुम्ही मोजू नका." आलेख भिंतीवरून उतरला. पाटी मात्र राहिली. मुकादमानं 'भट्टीला' हा शब्द खरवडून काढला आणि ती निवडखोलीच्या दारावर ठोकली. 'त्रास होतो. हळू बोला.' पुढं चौसष्ट बायांपैकी एकवीस जणींनी डॉक्टरबाईंकडून ठिपक्यांचे कागद मागून नेले. मुकादमही एक घेऊन गेला. घरच्यांसाठी म्हणाला, पण ठिपके स्वतःचेच मांडायला लागला आणि दर सोमवारी ठिपका आला. त्यावर औषध नाही, असं डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं.

टिचकीबाईंनी बुधवारी डॉक्टरबाईंना विचारलं, "त्या दिवशी मी जे बोलले, ते मी बोलले की ते सेरोटोनिन बोललं?"

"बोललात तुम्हीच. त्यानं फक्त झाकणावरचा हात काढला."

आता त्या दिवशीच्या ठेकेदाराचं राहिलं. माणूस तीन घण घेऊन लांबून आलेला, हात शिवशिवत होते, आणि काही न पाडता परत जाणं त्याला जड जात होतं. भट्टीभोवती तीन फेऱ्या मारून शेवटी त्यानं विचारलं, "मग मी पाडू काय?"

सासऱ्यांनी सुनेकडं पाहिलं. टिचकीबाईंनी निवडखोलीतल्या लोखंडी पिंपाकडं बोट दाखवलं.

पिंप काही केल्या फुटेना. दुपारपर्यंत ठणाणा चालला होता. टिचकीबाई घोंगडं पांघरून स्टुलावर बसून ऐकत होत्या, आणि आवाजाची तक्रार करायची सोय नव्हती, कारण सांगितलं त्यांनीच होतं. शेवटी पिंप चपटं झालं तेव्हा सासरे भट्टी पेटवायला गेले. जाताना टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "सूनबाई, आज भाजीत मीठ जरा कमी होतं बरं का."

"बाबा, तुम्ही जेवलात?"

"मघाशीच. डबा रिकामा आहे."

शेजारी नवरा उभा होता. तोंड लाल झालेलं, गाल फुगलेले.

"घ्या हो आता श्वास," टिचकीबाई म्हणाल्या. "पण हळू."